पाचव्या मजल्यावरचा लोणा

३ जानेवारी, शनिवार

आज दमियातला येऊन पोहोचले. मन्सूऱ्याहून जेमतेम दीड तासाचा रस्ता, पण आईनं निरोप असा दिला की जणू लेक सातासमुद्रापार निघाली. पिशवीत उकडलेली अंडी, रोट्या आणि डबाभर पांढरं चीज. दमियातला चीज घेऊन येणारी मी पहिलीच बाई असेन. अख्ख्या देशाला चीज हेच गाव पुरवतं.

वही नवी घेतली, कारण काम नवं आहे. कैरोत सहा वर्षं दुसऱ्याच्या ऑफिसात राबले. हॉटेलं, दवाखाने, पैसेवाल्या बायकांचे दिवाणखाने. रंग मी निवडायचे, सुतारांशी मी भांडायचे, आणि मासिकात फोटो छापून आला की खाली नाव साहेबांचं. शेवटी एकदा विचारलं, तर हसून म्हणाले, "रदवा, नाव व्हायला वय लागतं." मी एकोणतीस वर्षांची आहे. दुसऱ्या दिवशी राजीनामा टेबलावर ठेवला.

आणि आता हे पहिलं काम, फक्त माझं. हाज्जा इन्शिराह ही इथल्या एका जुन्या फर्निचरवाल्याची विधवा, हजला जाऊन आलेली. नदीकाठी तिची पाच मजली इमारत आहे. तळाला लाकडाची वखार, पहिल्या मजल्यावर ती स्वतः, त्यावर एकेका मजल्यावर एकेक सून. पाचवा रिकामा आहे. तो रऊफच्या लग्नासाठी सजवायचा. रऊफ बहुधा शेंडेफळ. जहाजावर असतो म्हणे, रमजानच्या आधी येईल. मन्सूऱ्यात ऑफिसातर्फे मी एका दातांच्या डॉक्टरचा दवाखाना सजवला होता, तो बघून हाज्जानं डॉक्टरांकडून माझा नंबर घेतला आणि नोव्हेंबरात फोन केला. आराखडे पाठवले तर एक रेघसुद्धा बदलली नाही. डिसेंबरपासून सुतारकाम सुरूही झालंय.

दमियातकरांच्या चिक्कूपणावर सगळा देश हसतो. हाज्जानं दारातच तो विनोद स्वतःवर करून घेतला. "काय बाशमुहंदिसा, जेवणार, की हलक्या पोटानं झोपणार?" आणि आत सहा जणांना पुरेल एवढं ताट मांडलेलं. मी इंजिनियर नाही, पण इथं आराखडा काढणारी प्रत्येक बाई बाशमुहंदिसाच असते. कानाला गोड वाटलं.

माझी खोली तिच्याच घरात, नदीच्या बाजूला. खाली करवतीचा आवाज, सगळीकडे सरस आणि पॉलिशचा वास. मला या वासानं भूक लागते.

५ जानेवारी, सोमवार

पाचवा मजला मोजून काढला. काय जागा आहे. दोन्हीकडून उजेड, उंच छत, खिडकीतून नदी. एका भिंतीला गडद हिरवा द्यायचा ठरवलाय, ऑलिव्हच्या पानामागचा.

गादीकाम उस्ता बरकातकडे आहे. पन्नाशीचा माणूस, तोंडात कायम चार बारीक खिळे धरलेले, त्यामुळे बोलतो ते अर्धं कळतं. माझी मखमल हातात घेऊन म्हणाला, "कापड चांगलंय. कैरोची असून अक्कल आहे तुम्हाला." मी मन्सूऱ्याची आहे म्हटलं, तर म्हणाला, "मग अक्कल कुठून आली ते विचारायला पाहिजे." दिवसभर असंच. जाताना मात्र खिळे तोंडातून काढून म्हणाला की काम सावकाश करा, घाई नको, अर्धं राहिलं तरी चालेल. दमियातचा कारागीर आणि घाई नको म्हणतोय. नवलच.

हाज्जाचा एकच हट्ट. स्वयंपाकघराचा ओटा चौऱ्याऐंशी सेंटिमीटरच हवा. मी म्हटलं, नव्वद असतो. ती म्हणाली, "सून बुटकी आहे, पोरी. तुझ्याएवढीच." सून कैरोत असते, तिला यायला सवड नाही. तिचा फोन नंबर मागितला, तर म्हणाली, "कशाला? तुला आवडेल ते तिला आवडेल. तू तुझ्या मनासारखं कर."

सहा वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं.

९ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी. कांदा भरलेलं बदक, इथली खास गोष्ट. मी दोनदा घेतलं आणि हाज्जा माझ्या ताटाकडे बघत राहिली, आई बघते तशी. तिनं रऊफचा फोटो दाखवला. सव्वीस वर्षांचा, दाट भुवया, ओठ घट्ट मिटलेले. शर्टाची कॉलर जुन्या फॅशनची. देखणा आहे. मी तसं म्हटल्यावर तिनं फोटो डोक्यावरच्या ओढणीनं पुसून परत कपाटात ठेवला.

लग्नाचं विचारलं तिनं. कुणीच विचारलं नाही तर मलाच चुकल्यासारखं होईल. मी म्हटलं, काम जमू दे आधी. ती म्हणाली, "काम आणि घर एकच असलं तर?" मला वाक्य आवडलं. लिहून ठेवते.

दुपारी पलंगाचा सांगाडा वर चढवला. उंची बरोबर आहे का बघ म्हणून तिनं मला त्यावर आडवं व्हायला लावलं. कोणत्या कुशीवर झोपतेस, उशी किती जाड लागते, सगळं विचारलं. असं बारकाईनं काम करून घेणारं गिऱ्हाईक नशिबानं मिळतं.

१४ जानेवारी, बुधवार

नव्या न्हाणीघराच्या नळाचा सांधा सुटला आणि पाणी खाली झिरपलं. माफी मागायला चौथ्या मजल्यावर गेले. सुनांपैकी कुणाला मी आजवर पाहिलं नव्हतं. जिन्यातही कुणी भेटत नाही.

दार उघडं होतं. आत एक बाई चहा गाळत होती, माझ्याच वयाची, घरातला गाऊन, केस ओले. नाव इनास. माझ्या आधीच तिनं विचारलं, "तो हिरवा तूच निवडलास ना?" मी हो म्हटलं. "चांगला आहे. पण छताला पांढरा देऊ नकोस, थोडी माती मिसळ. नाहीतर भिंत अंगावर येते." अगदी बरोबर. मला दोन दिवस काय खटकत होतं, ते तिनं न बघता सांगितलं.

तिचं घर उत्तम लावलंय. दहाएक वर्षांपूर्वीची पद्धत, पण एकही चूक नाही. फक्त कोचांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. आमच्याकडे काही घरांत वर्षानुवर्षं काढत नाहीत, तरी मला ते बघवत नाही. मी गमतीनं म्हटलं, आता तरी काढा. ती म्हणाली, "ओलं होतं गं." नवरा समुद्रावर असतो, अधूनमधून येतो, येतो तेव्हा तसाच येऊन बसतो. मी हसले. ती हसली नाही. कपाटाच्या मुठींवर हात फिरवत म्हणाली, मुठी चुकल्या, एवढ्या एका गोष्टीची रुखरुख राहिली.

हाज्जाला सांगितलं, इनास भेटली. ती म्हणाली, "गुणाची आहे. माझ्या सगळ्या सुना गुणाच्या."

१९ जानेवारी, सोमवार

झोपायच्या खोलीच्या भिंतीला लोणा आलाय. पलंगाच्या डाव्या बाजूला, पांढरा, फुललेला. गवंड्यानं खरवडून बोटावर घेतला, जिभेला लावला आणि थुंकला. म्हणाला, मीठ. या गावात मीठ जमिनीतून वर चढतं, प्रत्येक घराला आहे.

खरं आहे. पण जमिनीतून आलेलं मीठ तळमजल्यावर थांबतं. फार तर पहिल्यावर. पाचव्या मजल्यावर लोणा येत नाही, हे कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकवतात. गवंड्याला तसं म्हटलं. तो हत्यारं गोळा करत होता, मान वर न करता म्हणाला, "तुमच्या कॉलेजला सांगा मग."

भिंत खरवडून नवा गिलावा केला. डाग जमिनीपासून सुरूच होत नव्हता. मध्येच होता, गोल, आणि खाली दोन्ही बाजूंना रुंद होत गेलेला. पलंगावर बसून कुणी भिंतीला टेकावं आणि डोकं-खांदे उमटावेत, तसा.

२४ जानेवारी, शनिवार

उस्ता बरकातनं दिवाणखान्याच्या खुर्च्या पोचवल्या. मखमल अशी बसलीये की हात फिरवत राहावं. जेवून परत आले तर खिडकीजवळची एक खुर्ची ओली. पाणी सांडल्यासारखी नाही. बसायची जागा आणि पाठ, दोन्ही चिंब, आणि चारी पायांच्या सोनेरी वर्खावर मिठाची रेघ. वर छत कोरडं. किल्ली माझ्याकडे.

उस्ताला बोलावलं. त्यानं खुर्ची न बघताच कापड उसवायला घेतलं. म्हणाला, मी जास्तीचं कापड आधीच घेऊन ठेवलंय.

चौथ्या मजल्यावर गेले, इनासला विचारायला. दार उघडं, घरात कुणी नाही. मी आत जायला नको होतं, पण त्या मुठी नीट बघायच्या होत्या. कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला सुताराला दिलेल्या मापांचं पेन्सिलीचं लिखाण आणि खाली सही: इनास वहबा, २०१४.

इनास वहबा. आम्ही कॉलेजात असताना तिनं कैरोत केलेलं एक चहाघर बघायला सर आम्हाला घेऊन गेले होते. सगळा वर्ग वेडा झाला होता. मला तिच्यासारखं व्हायचं होतं. मग तिचं काम दिसेनासं झालं. आम्ही विचारलं तर सर म्हणाले, लग्न झालं, सोडलं तिनं. त्यावर पुढं कुणी काही विचारत नाही.

फोनवर तिचा जुना फोटो शोधला. तीच. अगदी तीच. बारा वर्षांपूर्वीचा फोटो, आणि त्या दिवशी चहा गाळणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर त्याहून एक सुरकुती जास्त नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

आज उस्ता बरकातला त्याच्या दुकानात गाठलं. सरळ विचारलं, हाज्जाला मुलगे किती.

त्यानं कोचाची तागाची पट्टी ताणून खिळा ठोकला. मग म्हणाला, "एक."

मी म्हटलं, चार मजले आहेत.

"मजले चार आहेत. मुलगा एक."

त्यानं सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. रऊफ त्याच्या बरोबरीचा, एकाच शाळेत. सव्विसाव्या वर्षी लग्न ठरलं होतं. पलंग तयार, कोच तयार. उस्तानं स्वतःच्या हातानं भरलेला तो पहिला कोच. लग्नाआधी चार पैसे हाताशी असावेत म्हणून रऊफ इज्बत अल-बुर्जच्या एका मच्छीमार बोटीवर गेला. बोट परत आली नाही. लाकडाची फळीसुद्धा नाही. गावानं मयताशिवायच गायबाची नमाज पढली. हाज्जा त्या दिवशी घराबाहेर आली नाही. दोन वर्षांनी तिनं दुसरा मजला सजवायला काढला. कैरोहून एक मुलगी आली. काम फार सुंदर झालं. मुलगी परत गेली नाही. मग तिसरा मजला. मग चौथा.

परत गेली नाही म्हणजे काय, मी विचारलं. तो म्हणाला, "लग्न झालं. रीतसर. काझी, साक्षीदार, सगळं. तिच्या घरचे नाचून गेले."

मेलेल्या माणसाशी?

"मी कोच भरतो, बाशमुहंदिसा. त्यावर कोण बसतं ते बघत नाही."

मग मला आधी का नाही सांगितलंस? माझा आवाज चढला होता. तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. "तिघींनाही मी सांगितलं. तिघीही म्हणाल्या, एवढं काम पुरं होऊ दे. तुम्ही काय म्हणणार?"

मी उठून बाहेर आले. 

३० जानेवारी, शुक्रवार

खरं लिहिते. निघता आलं असतं. मंगळवारीच आलं असतं.

पण येत्या मंगळवारी मासिकाचा फोटोग्राफर येतोय. मीच महिनाभर मागं लागून त्याला तयार केलं. सहा पानं. खाली माझं नाव, एकट्या माझं. पडदे लागले आहेत. हिरवी भिंत सकाळच्या उजेडात अशी दिसते की मला माझाच हेवा वाटतो. छताला माती मिसळलेला पांढरा दिला. इनासचं बरोबर होतं.

उस्ता वेडा असेल. गावात माणसं काहीही बोलतात. इनासचं म्हणाल तर काही बायका जपतात स्वतःला.

मंगळवारी फोटो, बुधवारी घरी.

लोणा परत आला. आता दोन. दुसरा डाग पलंगाच्या उजव्या बाजूला, थोडा बुटका. मी भिंतीला टेकून बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

३ फेब्रुवारी, मंगळवार

फोटो झाले. फोटोग्राफर म्हणाला, असं घर त्यानं वर्षभरात पाहिलं नाही. एकदाच त्यानं कॅमेरा खाली केला आणि विचारलं, खिडकीतल्या गृहस्थांना जरा बाजूला व्हायला सांगता का. मग पुन्हा बघितलं आणि म्हणाला, माफ करा, पडद्याची सावली होती.

हाज्जाला काम सोपवायचं म्हणून सगळ्या वस्तूंची यादी केली. नेहमीची पद्धत. तिनं सांगितलं हातानं लिही, मला छापलेलं वाचता येत नाही. अकरा पानं लिहिली. पलंग एक, खुर्च्या सहा, पडद्याच्या जोड्या चार, पितळी दिवे दोन. वर माझं पूर्ण नाव, वडिलांचं, आजोबांचं. प्रत्येक पानाखाली सही. तिनं माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं.  म्हणाली, "आता मी निवांत डोळे मिटीन."

मला तिची दया आली. हेही खरं लिहिते.

४ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी बाबांचा फोन. आवाज इतका आनंदी की मी ओळखलाच नाही.

काल संध्याकाळी हाज्जा मन्सूऱ्याला आमच्या घरी गेली होती. मिठाई घेऊन, मुलासकट. मला मागणी घातली. बाबा म्हणाले, "मुलगा फार बोलत नाही, पण डोळे खाली, आवाज मऊ. हात तेवढा गार होता, मासळीसारखा. बोटीवरून थेट आला होता म्हणे. तो बसला ती खुर्ची तुझी आई अजून वाळवतेय." आणि हसले.

मी म्हटलं, बाबा, मी कुणालाच होकार दिलेला नाही.

ते गोंधळले. "अगं, कायमा दाखवला की तिनं. तुझ्याच हातचा. वर तुझं नाव, अकरा पानं, खाली त्याची सही. शाई थोडी पसरली होती, पण सही आहे."

कायमा म्हणजे नवरीच्या नावावर लिहिलेली संसाराची यादी. खाली नवरा सही करतो की हे सगळं हिचं. मी कालच्या अकरा पानांचा विचार करत राहिले. बाबा बिचारे म्हणाले, "जबरदस्ती नाही, पोरी. नको असेल तर नको म्हण. शुक्रवारी नमाजनंतर आम्ही येतोच आहोत, तेव्हा तोंडावर सांग."

शुक्रवारपर्यंत थांबणार नाही. उद्या सकाळी पहिल्या गाडीनं निघते. रात्र खोलीत दाराला खुर्ची लावून काढेन.

५ फेब्रुवारी, गुरुवार

हे मी पाचव्या मजल्यावर बसून लिहितेय.

सकाळी नऊ वाजता पिशवी घेऊन खाली उतरले होते. कुणी अडवलं नाही. हाज्जा न्हाणीघरात होती. रस्त्याचं दार उघडलं, ऊन अंगावर आलं, समोर गाडीवाला हॉर्न देत होता, मन्सूरा, मन्सूरा. एक पाय बाहेर होता.

आराखडे वर राहिले होते. तीन महिन्यांचं काम, मूळ कागद, रंगांचे नमुने. ते नसतील तर हे घर मी केलं हे कुणाला कसं दाखवणार. पाच मिनिटांचं काम. गाडीवाल्याला थांब म्हटलं.

आराखडे घेतले आणि खाली निघाले. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय पाण्यात पडला.

जिना पाण्यानं भरलाय. खालून तिसऱ्यापर्यंत. हिरवं, संथ, वर फेसाची रेघ. समुद्राचा वास. पायऱ्या खाली खाली जाताना दिसतात आणि मग दिसत नाहीत.

परत वर पळाले. चौथ्याच्या दारात इनास उभी. तोवर तिच्या घोट्यापर्यंत आलेलं. हातात फरशी पुसायचा रबरी दांडा. पाणी दाराबाहेर लोटत होती, पाणी आत येत होतं. मी ओरडले, चल, वर चल. ती म्हणाली, "कशाला? रोजचंच आहे. सवय होते." आणि मग, अगदी मायेनं, "मुठी छान निवडल्यास तू."

गच्चीचं दार बाहेरून बंद आहे.

बाल्कनीतून बघितलं. रस्ता कोरडा. कोरडा ठणठणीत. ऊन आहे, माणसं चालताहेत, तीनचाकीवरून खुर्च्या चालल्यात. इमारतीच्या दारात एक थेंब नाही. गाडीवाला थांबून थांबून निघून गेला.

मी हाका मारल्या. समोर आपल्या दुकानाच्या दारातून उस्ता बरकातनं वर बघितलं. हात डोळ्यांवर धरून बराच वेळ बघितलं. मग मान खाली घातली आणि दुकानात गेला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

फोन एकदाच लागला. बाबा म्हणाले, आवाज नीट येत नाही, समुद्रावर गेलीस का, लाटा ऐकू येताहेत. आम्ही निघालो, म्हणाले. मी नको म्हटलं. नको, नको, नको. ते म्हणाले, हो हो, कळलं, हो—

मग नुसत्या लाटा.

खाली गल्लीत खुर्च्या मांडताहेत. लाल गालिचा. उस्ता बरकात स्वतः. एकदाही वर बघत नाही.

अजान झाली.

पाणी आता उंबऱ्याशी. दार आतून लावलंय, कडी, कुलूप, वर कपाट ओढून—

खाली गाड्यांचे हॉर्न. बाबांचा आवाज ओळखला. आई लग्नातल्या बायकांसारखी आनंदानं हुलहुल करतेय. बाल्कनीतून ओरडले. त्यांनी हात हलवले. हसले. आईनं डोळे पुसले. त्यांना वाटतंय मी—

जिन्यात पावलं. पाण्यातून नाही. पाण्याखालून. प्रत्येक पायरीला थांबून.

दाराशी थांबली.

दार हललं नाही. कपाट हललं नाही. तरी आता खुर्चीवर, खिडकीजवळच्या—

पाठमोरा आहे. कॉलर ओली. केसांतून पाणी मखमलीवर. मी इथं कोपऱ्यात, वही गुडघ्यावर. लिहीत राहिले तर तो वळणार नाही असं—

उठला.

माझ्याकडे आला नाही. भिंतीकडे गेला. हिरव्यावर तळहात ठेवला. पडद्याची शिवण बघितली. छताकडे मान वर करून बघितलं, किती तरी वेळ. खुर्चीचा हात, दिव्याची बैठक, एकेक वस्तू. असं सावकाश. असं आजवर माझं काम कुणी—

आता वळतोय. चेहरा अजून—

त्याला आवडलंय. कळतं मला, गिऱ्हाइकाचं कळतं. त्याला सगळं आवडलंय, आणि या अल्ला, मला बरं वाट—